खाडीपलीकडचा प्रकल्प आणि देशाचा गॅस

मंडळी नमस्कार. सुरुवातीलाच सांगून टाकतो, पत्रिकेवर तुम्ही ‘नैसर्गिक वायू’ असं छान छापलंय, पण मी आज गॅसच म्हणणार. सगळी नोकरी या पाइपांच्या मागे गेली आणि तिथे नैसर्गिक वायू म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही. फक्त एक घोळ आधी निस्तरू, कारण आपल्याकडे ‘गॅस संपला’ म्हटलं की सिलिंडर संपला असा अर्थ होतो. सिलिंडरमधला तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन, थोडा दाब दिला की त्याचं पाणी होतं म्हणून तो बाटल्यात भरून डोंगरावरच्या वाडीतही नेता येतो. आज मी बोलतोय तो मिथेन. हा हवेपेक्षा हलका, लीक झाला तर वर जातो, एलपीजी जड, तो खाली जमिनीलगत बसून राहतो. म्हणून ज्यांच्याकडे सिलिंडर आहे त्यांनी खालची खिडकी किंवा दार उघडायचं आणि ज्यांच्याकडे पाइप आहे त्यांनी वरचं व्हेंटिलेशन कधीच बुजवायचं नाही. एवढं जरी आज घरी नेलंत तरी माझं भाषण वाया गेलं नाही म्हणायचं.

आणि वास, तो गॅसचा स्वतःचा नसतो. मिथेनला वासच नाही, तो मुद्दाम घालतात, मरकॅप्टन म्हणून एक सडक्या कोबीच्या वासाचं केमिकल आहे ते. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन नावाच्या गावात शाळेच्या तळघरात गॅस साठत गेला, कुणाला कळलंच नाही, एक ठिणगी पडली आणि जवळपास तीनशे जीव गेले, बहुतेक पोरं. त्यानंतर कायदे झाले आणि वास घालायची पद्धत रुळली. तेव्हा घाण वास येतो म्हणून नाक मुरडू नका.

आता मुद्द्यावर येतो. तेल आणि गॅस यांची नावं आपण एका दमात घेतो, पण धंद्याच्या दृष्टीने दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेल पिंपात भरा, ट्रकवर टाका, बंदरावर ठेवा, आज गिऱ्हाईक नाही मिळालं तर पुढच्या महिन्यात विका. गॅसचं तसं नाही. तो विहिरीतून वर आला की आत्ताच्या आत्ता कुणीतरी घ्यायला पाहिजे, घेणारा नसेल तर जाळून टाकायचा. म्हणजे आधी गिऱ्हाईक ठरवा, मग पाइप टाका, मग विहीर उघडा, असा उलटा कारभार. लग्नाच्या पंगतीसारखं आहे, पानावर माणूस बसल्याशिवाय वाढता येत नाही आणि वाढलेलं परत भांड्यात टाकता येत नाही.

हे आपल्याकडे सगळ्यात आधी दिसलं ते मुंबईसमोरच्या समुद्रात. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगने मुंबई हायला तेल शोधलं, १९७६ पासून तेल निघायला लागलं. देशाला पाहिजे होतं तेल, पण तेलाबरोबर गॅस येतोच, सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखा. आणि तो गॅस घ्यायला तेव्हा कुणी तयार नव्हतं, त्यामुळे बराच गॅस सुरुवातीची कितीतरी वर्षं समुद्रातच जळत होता. आम्ही नोकरीला लागलो तेव्हाचे सिनियर सांगायचे की रात्री बोटीवरून जाताना त्या ज्वाळा बघून आधी भारी वाटायचं आणि मग हिशोब डोक्यात आला की जेवण जायचं नाही. पुढे उरणला पाइप आला, तिथे गॅस वेगळा करायचे प्लांट झाले, शेजारीच विजेचं केंद्र झालं. आज महानिर्मितीचं उरणचं केंद्र ६७२ मेगावॅटचं आहे, १०८ च्या चार गॅस टर्बाइन आणि त्यांच्या धुराच्या उष्णतेवर चालणाऱ्या १२० च्या दोन स्टीम टर्बाइन. हे धुरातून परत वीज काढणं लक्षात ठेवा, त्यामुळे गॅसमधली निम्मी किंवा थोडी जास्तच उष्णता विजेत उतरते, कोळशाला ते जमत नाही.

आणखी एक मोठं फील्ड सापडलं, त्याला नाव दिलं साउथ बसीन. बसीन म्हणजे आपली वसई हो, इंग्रजांच्या तोंडात बसीन झाली आणि तीच नकाशावर राहिली. पण या वसईच्या गॅसचा पाइप वसईला आला नाही, तो गेला गुजरातेत हजिऱ्याला आणि तिथून मध्य प्रदेशातलं विजयपूर, उत्तर प्रदेशातलं जगदीशपूर. हीच ती एचबीजे पाइपलाइन, हजिरा-बिजयपूर-जगदीशपूर, बिजयपूर म्हणजे हेच विजयपूर. १९८४ मध्ये ‘गेल’ ही सरकारी गॅस कंपनी मुळात हेच काम करायला काढली. मला बरेच लोक विचारतात, तुम्ही पण विचाराल, आमच्या समुद्रातला गॅस उत्तरेत कशाला नेला. उत्तर आहे युरिया. पाइपच्या वाटेवर खताचे कारखाने एका मागून एक उभे केले, विजयपूर, आंवला, जगदीशपूर, कारण गहू तिथे पिकतो.

इथे थोडा थांबतो, कारण गॅसचं देशातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. युरिया करायचा म्हणजे हवेतला नायट्रोजन पकडायचा आणि त्याला हायड्रोजन जोडून अमोनिया करायचा. नायट्रोजन फुकट आहे, हायड्रोजन कुठून आणायचा? मिथेनच्या एका रेणूत कार्बन एक आणि हायड्रोजन चार, तिथून ओरबाडून काढायचा. म्हणजे खत कारखान्यात गॅस हा नुसता जाळायला नाही तर कच्चा माल म्हणून जातो, भाकरीला जसं पीठ. अलिबागजवळ थळला आणि चेंबूरला तुर्भ्यात जे आपले आरसीएफचे, म्हणजे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे कारखाने आहेत ते हेच करतात. देशात जेवढा गॅस वापरला जातो त्यातला साधारण तीस टक्के खताला जातो. तुम्ही ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशाला आणता ना, तिचा खरा खर्च कितीतरी पट आहे आणि त्यातला बहुतेक भाग गॅसचा आहे, मधला फरक सरकार भरतं. त्यामुळे जगात कुठे गॅसचा भाव भडकला की आपल्या शेतकऱ्याला ते दुकानात जाणवत नाही, दिल्लीच्या बजेटमध्ये जाणवतं. हे चांगलं की वाईट यावर वेगळं व्याख्यान ठेवा, मी येईन, पण मानधन वाढवून.

तर आता येतो आपल्या खाडीपलीकडे. दाभोळ वीज प्रकल्प म्हणतात पण तो दाभोळला नाहीये हे इथे सांगायला नको, दाभोळ वाशिष्ठीच्या खाडीच्या उत्तरेला दापोली तालुक्यात आणि प्रकल्प दक्षिणेला अंजनवेलला, गुहागर तालुक्यात. फेरीबोटीतून पलीकडे जाताना तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. आमच्या धंद्यातल्या कुठल्याही नव्या पोराला मी सांगायचो की पुस्तकं नंतर वाच, आधी अंजनवेलला जाऊन ये, गॅसबद्दल जे जे चुकू शकतं ते सगळं एका कंपाउंडात बघायला मिळेल.

राजकारण मी सांगत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी प्राथमिक करार, १९९३ मध्ये वीज मंडळाचा खरेदी करार, १९९५ मध्ये नव्या सरकारने रद्द केला, १९९६ मध्ये पुन्हा वाटाघाटी करून उलट आणखी मोठा केला. मी फक्त गॅसच्या अंगाने सांगतो. प्लॅन काय होता, तर ओमान आणि अबुधाबीहून थंड करून द्रवरूप केलेला गॅस, म्हणजे एलएनजी, जहाजाने आणायचा आणि इथे वीज करायची. पण एलएनजी उतरवून त्याचा परत गॅस करायचं टर्मिनल पूर्ण व्हायच्या आधीच पहिला ७४० मेगावॅटचा टप्पा १९९९ ला सुरू झाला, कशावर, तर नाफ्त्यावर, म्हणजे कच्च्या तेलातून निघणाऱ्या पेट्रोलसारख्या इंधनावर. नाफ्ता महाग, भाव डॉलरमध्ये, आणि करार असा की वीज घ्या नाहीतर घेऊ नका, ठरलेला आकार भरायचाच. मंडळ वीज कमी घ्यायला लागलं की तोच आकार थोड्या युनिटांवर पसरायचा आणि दर आणखी फुगायचा, काही महिन्यांत तो सात रुपयांच्या वर गेला होता, त्या काळातले सात रुपये! मे २००१ अखेर प्रकल्प बंद, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं.

लोक म्हणतात एन्रॉन लबाड होती म्हणून झालं. होतीच. पण समजा एखादी देवमाणूस कंपनी असती तरी २,००० मेगावॅटची गॅसची वीज दिवसरात्र घ्यायची सक्ती महाराष्ट्राला झेपली नसती, कारण गॅसची वीज चोवीस तास लोळत पडून घ्यायची चीजच नाही, त्याकडे नंतर येतो.

दुसरा फेरा. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून तो प्रकल्प घेतला, रत्नागिरी गॅस अँड पॉवर नाव दिलं. तेवढ्यात आंध्रच्या किनाऱ्याला कृष्णा-गोदावरी खोऱ्यात खोल समुद्रात गॅस मिळाला होता, केजी-डी६, शोध २००२ चा, उत्पादन एप्रिल २००९ ला सुरू. त्या वेळचं वातावरण आठवतं मला, सगळे म्हणत होते आता देशाला गॅसच गॅस, रोज आठ कोटी घनमीटर निघणार. बँकांनी कर्जं दिली, नुसत्या त्या आशेवर किती गॅसवरची वीज केंद्रं उभी राहिली. अंजनवेललाही तो गॅस आला, टर्बाइन फिरल्या. आणि २०१० नंतर विहिरीतून गॅस कमी कमी होत गेला, पाणी आणि वाळू यायला लागली, आठ कोटींचा आकडा कधी गाठलाच नाही. २०१३ मध्ये अंजनवेल परत थंड. एकटं नाही, २०१९ च्या संसदीय समितीच्या अहवालात देशात १४,००० मेगावॅटच्या वर गॅस केंद्रं गॅसअभावी अडकलेली दाखवलीत. नवी कोरी मशिनं, आणि खाली कर्ज. नंतर २०२० पासून त्याच समुद्रात नवीन विहिरी सुरू झाल्या, गॅस परत बरा येतोय, पण तो महाग आणि त्याला गिऱ्हाइकं दुसरी. अंजनवेलला मग २०१५ च्या शेवटी रेल्वेने ५०० मेगावॅट घ्यायचं कबूल केलं म्हणून चूल पेटली.

आणि तिसरी गंमत, गंमत म्हणायची की काय ते तुम्ही ठरवा. एलएनजीचं टर्मिनल अखेर २०१३ ला चालू झालं. वर्षाला पन्नास लाख टन क्षमता, शेजारून बंगळुरूपर्यंत पाइपलाइन, सगळं झकास. फक्त लाटा अडवणारा बांध, ब्रेकवॉटर, अर्धवट होता. तो नाही म्हणून बरीच वर्षं पावसाळ्यात जहाज लागूच शकायचं नाही, चार महिने टर्मिनल बंद. कोकणात पावसाळ्यात समुद्र खवळतो हे आमच्या कोळ्याच्या पोराला शाळेत जायच्या आधीपासून माहीत असतं.

(प्रेक्षकांतून : कोचीला पण असंच झालं ना?)

हो, तिथे उलटं झालं. कोचीचं टर्मिनलही २०१३ चंच, जहाज बारा महिने लागतं, पण गॅस न्यायला पाइप नव्हता. मंगळूरपर्यंतची लाइन जमिनीच्या वादात अडकली, ती जानेवारी २०२१ ला सुरू झाली, तोवर टर्मिनल बहुतेक रिकामं. म्हणजे एकाकडे पाइप आहे तर जहाज नाही, दुसऱ्याकडे जहाज आहे तर पाइप नाही.

बरं हे एलएनजी म्हणजे काय ते पटकन सांगतो. गॅस उणे १६२ डिग्रीपर्यंत थंड केला की त्याचं द्रव होतं आणि तो सहाशे पट आटतो. एक मोठं जहाज पावणेदोन लाख घनमीटरच्या आसपास द्रव आणतं, त्याचा परत गॅस केला की दहा कोटी घनमीटर. देश रोज साधारण अठरा-एकोणीस कोटी घनमीटर गॅस वापरतो, त्यातला निम्मा बाहेरचा. म्हणजे हिशोब करा, रोज जवळजवळ एक मोठं जहाज आपल्या कुठल्यातरी बंदराला लागायला पाहिजे, गुजरातेत दहेजला सगळ्यात जास्त. दहेजला २००४ मध्ये कतारहून पहिलं जहाज आलं आणि ते नातं टिकलंय, वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०२४ मध्ये आणखी वीस वर्षांनी वाढवला, २०४८ पर्यंत. आता हा सगळा कतारचा गॅस होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतो, तिथून जगातला पाचवा हिस्सा एलएनजी जातो. आणि आपल्याकडे युरोपसारखं जमिनीखाली गॅस साठवायचं कोठारच नाही. तिकडे उन्हाळ्यात जुन्या रिकाम्या फील्डमध्ये गॅस भरून ठेवतात आणि थंडीत काढतात, आपण बेगमी करणारी माणसं, आगोटीच्या आधी सुकी मासळी, कोकमं, लाकडं सगळं भरून ठेवतो, पण देशाच्या गॅसची बेगमी फक्त बंदरावरच्या टाक्यांत, काही दिवसांची.

भावाचं विचाराल तर तो झोपाळ्यावर बसलाय. २०२० मध्ये लॉकडाऊनच्या वेळी आशियात सुट्टा एलएनजी दोन डॉलरला मिळत होता, एका एमएमबीटीयूला, हे आमचं उष्णतेचं माप आहे, आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर तोच सत्तर डॉलरच्याही वर गेला. रशियाचा पाइप बंद झाल्यावर युरोपने वाट्टेल ते पैसे मोजून जहाजं ओढून नेली. पाकिस्तानने टेंडर काढलं तर कुणी बोलीसुद्धा लावली नाही, तिकडे शहरं अंधारात. आपला एक मोठा करार रशियन कंपनीच्या सिंगापूरच्या शाखेशी होता, जर्मनीने या शाखेची आपल्या देशातली मूळ कंपनी ताब्यात घेतली आणि आपल्याकडे येणारी जहाजं थांबली, करारातला दंड भरून मोकळं व्हायला बघत होते, पुढे प्रकरण लवादात गेलं. एका जहाजामागच्या त्या दंडाच्या पैशात बाजारातून दुसरं जहाज आलं नसतं. अर्थात आपणही काही हरिश्चंद्र नाही. २०१५ मध्ये बाजार पडला तेव्हा आपण कतारचा गॅस कराराप्रमाणे उचलला नाही, दंडही माफ करून घेतला आणि भाव जवळपास निम्म्यावर आणला. गिऱ्हाईक मोठं असलं की असं करता येतं.

आता वीज, मघाशी ठेवलेलं. साधं गणित करू. एक एमएमबीटीयू गॅस बारा डॉलरला पडला, रुपया ८५ धरला, तर हजार रुपयांच्या थोड्या वर. एवढ्या गॅसमधून चांगल्या केंद्रात दीडशेच्या आसपास युनिट वीज निघते. म्हणजे नुसतं इंधन युनिटला सात रुपये, मशीन, माणसं, व्याज वेगळं. दुपारी सोलर अडीच-तीन रुपयाला मिळत असताना ही वीज कोण घेईल? कुणी घेत नाही, म्हणून २०२४ मध्ये देशात २५,००० मेगावॅटच्या आसपास गॅस केंद्रं असून एकूण विजेत गॅसचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता.

पण संध्याकाळी सात वाजता बघा. सूर्य गेला, सोलर झोपलं, घरोघरी लाइट, टीव्ही, एसी चालू. कोळशाचं थंड पडलेलं केंद्र तापवायला कित्येक तास जातात, ते म्हणजे चुलीवर पाणी तापवण्यासारखं, गॅस टर्बाइन अर्ध्या तासात अंगात येते. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २,५०,००० मेगावॅटला पोचली, त्या उन्हाळ्यात सरकारने वीज कायद्याचं कलम ११ लावून मे-जून दोन महिने गॅस केंद्रांना तयार राहायला सांगितलं होतं. म्हणजे ज्यांना आपण दहा वर्षं पांढरा हत्ती म्हणत होतो त्यांनाच नड आल्यावर हाक मारली. माझं मत विचाराल तर या केंद्रांना युनिटमागे पैसे देणं बंद करा, हजर राहण्याचे पैसे द्या, अग्निशमन दलाला आपण आगीमागे पैसे देतो का? पुढे बॅटऱ्या स्वस्त होतायत, त्या संध्याकाळचे दोन-चार तास सांभाळतील, तेव्हा हेही काम गॅसकडून जाईल. पण पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ भरलेलं असतं, तेव्हा बॅटरी भरणार कशाने?

सरकार म्हणतं देशाच्या एकूण ऊर्जेत गॅसचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्के करायचा. आज आहे सहाच्या आसपास आणि बरीच वर्षं तो तिथेच घोटाळतोय. जगाचं सरासरी २३-२४ आहे म्हणून आपलंही पाहिजे, हा मला तरी मुद्दा वाटत नाही. ज्या देशांचा वाटा मोठा आहे त्यांच्याकडे एकतर स्वतःचा भरपूर गॅस आहे किंवा थंडीत घरं तापवायला लागतात. आपल्याकडे दोन्ही नाही, आहे तो कोळसा, ऊन आणि वारा. कोळशाच्या निम्मा कार्बन गॅस सोडतो हे खरं, पण विहिरीपासून बर्नरपर्यंत कुठे मिथेन गळला तर तो वीस वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट तापवतो, मग ती बचत कुठल्या कुठे जाते. तेव्हा टक्के मोजण्यापेक्षा गॅस कुठे दिला तर दुसरं काही चालतच नाही ते बघा. खताला, काच आणि सिरॅमिकच्या भट्ट्यांना, मोठ्या शहरातल्या स्वयंपाकघराला आणि नडीच्या विजेला. बाकी रांगेत मागे. खरं तर सरकार रांग लावतंच, देशातला स्वस्त गॅस घरगुती पाइप आणि सीएनजीला आधी मिळतो, २०२३ मध्ये त्याच्या भावाला साडेसहा डॉलरचं झाकण लावलं, ते एप्रिल २०२५ पासून थोडं वर सरकलं. पण जुनी फील्डं आटतायत आणि गिऱ्हाइकं वाढतायत, म्हणून २०२४ च्या शेवटी शहरांचा स्वस्त कोटा कापला आणि सीएनजी महागला, रिक्षावाल्यांनी आपल्याला लगेच कळवलं.

साखर कारखान्यांच्या मळीतून, म्हणजे प्रेसमडमधून बायोगॅस करून त्याच पाइपात सोडायचं चाललंय, २०२८-२९ पर्यंत पाच टक्के मिसळायचं बंधन आहे. पश्चिम महाराष्ट्राला यात वाव आहे, मी जास्त बोलत नाही कारण मी त्यात काम केलेलं नाही.

(प्रश्न : काका, आमच्या सोसायटीत पाइप गॅस येतोय म्हणतायत. घ्यावा की इंडक्शन घ्यावं?)

घ्या, दोन्ही घ्या. ताई, पाइपच्या मीटरवर सतरा-अठरा युनिट, म्हणजे घनमीटर पडले की एक सिलिंडर झाला असं धरून दोन्ही बिलं शेजारी ठेवा आणि स्वतः बघा. फक्त शेगडी तीच ठेवून नळी बदलून देतो असं कुणी म्हणाला तर हो म्हणू नका. पाइपातला दाब कमी असतो आणि मिथेनमध्ये तेवढ्याच आकारात उष्णताही कमी, म्हणून बर्नरच्या जेटचं भोक मोठं करावं लागतं, ते कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यायचं. आणि परत कधी सिलिंडरवर गेलात तर ते जेट बदलायला विसरू नका, नाहीतर ज्योत हातभर येईल. इंडक्शनवर चहा, दूध, कुकर. भाकरी मात्र मी स्वतः करून बघितलीय, इंडक्शनवर ती फुगत नाही.